इंजिनाची कैफियत : न सापडणारा बिघाड शोधण्याची रीत

संकष्टीच्या दिवशी लेण्याद्रीच्या पायथ्याशी, गिरिजात्मजाच्या दर्शनाला आलेली माणसे सुमारे तीनशे पायऱ्यांच्या त्या चढाकडे एकवार मान वर करून पाहतात आणि मग पहिल्या पायरीला हात लावून चढू लागतात, तेथेच खाली उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेत एखाद्या गाडीचे बॉनेट उघडलेले हमखास दिसते. भोवती चार माणसे उभी असतात. एक म्हणतो कॉईल गेली, दुसरा म्हणतो पंप बसला, तिसऱ्याच्या मते कार्बोरेटरमध्ये कचरा आला आहे आणि चौथा प्लग काढण्यासाठी पाना शोधत असतो. चौघांचीही मदत मनापासूनची असते आणि चौघांनी सांगितलेल्या गोष्टी इंजिन बंद पडण्याची खरीखुरी कारणेही असतात. परंतु गाडी कशी चालत होती, कोठे अडली, याआधी कधी अडली होती आणि ज्या दिवशी अडली नाही तो दिवस कसा होता, हे मालकाला अद्याप कोणी विचारलेले नसते.

हा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नांसाठी आहे. पूर्णपणे बंद पडलेले इंजिन दुरुस्त करणे त्या मानाने सोपे. कारण बिघाड समोर हजर असतो व त्याची तपासणी करता येते. खरी कसोटी लागते ती अधूनमधून बिघडणाऱ्या, गॅरेजच्या दारात गेली की शहाण्यासारखी चालणाऱ्या आणि परतीच्या वाटेवर पुन्हा आचके देणाऱ्या गाडीपुढे. अशा गाडीचे एकामागून एक सुटे भाग बदलत राहणे म्हणजे साक्षीपुरावा न घेता निकाल देत सुटणे होय. माझे सांगणे एवढेच आहे की, पहिला पाना उचलण्यापूर्वी इंजिनाची संपूर्ण कैफियत लेखी घ्यावी. कारण बिघाड केव्हा होतो आणि केव्हा होत नाही, या दोहोंमधील भेदातच त्याचे कारण दडलेले असते.

आधी जबानी, मग पाना

एक साधी वही गाडीत ठेवावी आणि बिघाड झाला की तेथल्या तेथे पुढील गोष्टी लिहाव्यात. हा त्रास केव्हापासून सुरू झाला, आणि त्याच्या आदल्या पंधरवड्यात गाडीला कोणाचा हात लागला होता, कोणती वस्तू नवी बसवली होती, पेट्रोल कोठे भरले होते? इंजिन थंड होते की तापलेले? घरून निघाल्यापासून किती किलोमीटर झाले होते? रस्ता चढाचा होता की सपाटीचा, गाडीत माणसे किती होती, हवा कोरडी होती की पावसाळी, टाकीत पेट्रोल किती होते? गाडी पुन्हा सुरू झाली ती तत्काळ, की दहा मिनिटांनी, की पार थंड झाल्यावर?

आणि या सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : इंजिन बंद पडले ते कसे? दिवा फुंकर घालून मालवावा तसे ते एकाएकी थांबले असेल, तर संशय प्रथम विजेच्या मार्गावर घ्यावा. ढिली तार, इग्निशनचे बटण, कॉईल किंवा नव्या गाडीतील क्रँकचा सेन्सर यांपैकी कोणीतरी दगा दिलेला असतो. त्याऐवजी ते आचके देत, जोर गमावत, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही दम न धरता हळूहळू विझले असेल, तर इंधनाचा पुरवठा आटला असण्याचा संभव अधिक. हा नियम अपवादरहित नाही, परंतु तपासाची पहिली दिशा ठरवायला तो पुरेसा आहे आणि त्यासाठी एकही स्क्रू फिरवावा लागत नाही.

इंजिनाच्या तीन गरजा

पेट्रोलचे इंजिन चालण्यास तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणातील हवा व इंधन यांचे मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणी पडणारी सशक्त ठिणगी. मिश्रणाचे आदर्श प्रमाण वजनाने सुमारे 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल असे असते. ठिणगीसाठी बॅटरीचे 12 व्होल्ट कॉईलमधून वीस हजारांच्या घरात नेले जातात. आणि चार आघातांचे इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्या घेत असताना प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला 25 वेळा स्फोट घडतो. यावरून ध्यानात यावे की, शंभरातील दोन-चार ठिणग्या चुकल्या तरी चालकाच्या पायाखाली तो फरक जाणवतो, आणि मिस्त्रीलोक ज्याला गाडी ‘मिसिंग मारते’ म्हणतात ती अवस्था उत्पन्न होते.

कोणताही बिघाड अखेरीस या तीन खात्यांपैकी एकात जमा होतो. म्हणून पहिले काम खाते ठरवण्याचे. खात्यातील नेमकी रक्कम मागाहून शोधता येते. मिस होणे सतत एकाच सिलिंडराचे असेल, तर त्या सिलिंडरापुरत्या गोष्टी, म्हणजे प्लग, त्याची वायर, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, तपासाव्यात. सर्व सिलिंडर मिळून दुबळे पडत असतील, तर सर्वांना सामाईक असलेल्या गोष्टी, म्हणजे पंप, फिल्टर, कॉईल, टायमिंग, हवेची गळती, यांच्याकडे वळावे. या एका विभागणीने निम्मे श्रम वाचतात.

अन्वय आणि व्यतिरेक

आपल्या न्यायशास्त्राने अनुमानाची जी रीत घालून दिली, ती डोंगरावरील धूर पाहून अग्नी ओळखण्याच्या दृष्टान्ताने सर्वांस परिचित आहे. जेथे जेथे कारण आहे तेथे तेथे कार्य दिसते, हा अन्वय. आणि जेथे कारण नाही तेथे कार्यही नाही, हा व्यतिरेक. इंजिनाच्या तपासात माणसे अन्वयावर थांबतात आणि तेथेच फसतात. गाडी उन्हात बंद पडली, म्हणून उष्णता हे कारण, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ती थंडीत कधी बंद पडली नाही ना, याची खातरजमा केलीच पाहिजे.

उष्णतेचेच उदाहरण घेऊ. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत इंजिनाला जोडलेला यांत्रिक पंप पेट्रोल ओढतो. पेट्रोलातील सर्वांत हलके अंश 35 ते 40 अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागतात. इंजिन बंद केले म्हणजे पंखा व पाण्याचे अभिसरण थांबते, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटे बॉनेटखालील उष्णता उतरण्याऐवजी वाढते. नळीत आणि पंपात पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ओढण्यासाठी घडलेला पंप ती वाफ ओढू शकत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात लेण्याद्रीच्या पायथ्याशी चहापुरती थांबवलेली गाडी सुरू होत नाही, परंतु डोंगर चढून, लेणी पाहून दीड तासाने उतरलेल्यांची तीच गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. जुन्या प्रीमियर पद्मिनीचे चालक पंपावर ओले फडके ठेवत, ते याच कारणास्तव. ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली, तर इलाजाबरोबर निदानही हाती आले असे समजावे. कॉईलही तापल्यावर दुबळी पडते. पण मग इंजिन बंद पडताच ठिणगी तपासल्यास ती क्षीण आढळते, आणि पंपावर ओतलेल्या पाण्याने काही फरक पडत नाही.

ओलाव्याचा प्रकार निराळा. माळशेज घाटातील धुक्यात किंवा भीमाशंकरच्या पावसात जी गाडी मिसिंग मारते आणि मंचरच्या कोरड्या हवेत सुरळीत चालते, तिच्या प्लगच्या वायरी आणि डेल्कोचे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे, झाकण पाहावे. यासाठी एक परीक्षा आहे, जी मी सर्वांत विश्वासार्ह मानतो. अमावास्येच्या आसपासच्या रात्री गाडी मोकळ्या जागी उभी करावी, दिवे मालवावेत, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडावे आणि हात मागे बांधून केवळ पाहावे. वायरीचे आवरण जीर्ण झाले असेल, तर तिच्या अंगावरून निळसर तंतू सरपटत जवळच्या लोखंडाकडे जाताना दिसतात आणि त्याबरोबर बारीक तडतड ऐकू येते. दिवसा हाच बिघाड शंभर वेळा पाहूनही दिसत नाही.

ओझ्याचीही साक्ष घ्यावी. सपाटीवर नीट चालणारी आणि अवसरीच्या घाटात माणसांनी भरलेली असता दम न धरणारी गाडी बहुधा अपुऱ्या इंधनाने, तुंबलेल्या फिल्टरने अथवा दुबळ्या ठिणगीने त्रस्त असते. कारण दाब वाढला की ठिणगीला प्लगच्या फटीतून उडी मारणे अधिक कठीण जाते. उलट, केवळ उभ्या जागी, स्लोवर अडखळणारी आणि वेग घेताच सुधारणारी गाडी इनटेकच्या बाजूने कोठेतरी फाजील हवा ओढत असते. एखादी फाटलेली रबरी नळी एवढा प्रताप करते.

एका झाकणाची गोष्ट

हे सारे मी शिकलो ते आमच्या घरच्या कार्बोरेटरच्या गाडीपासून. आम्ही मंचरला राहत होतो, आणि तेथून नारायणगाव, जुन्नर करीत लेण्याद्रीला जाणे हा घरचा नेम होता. एका वर्षी गाडीला विचित्र खोड लागली. मंचरहून ती उत्तम निघे. नारायणगाव मागे टाकून जुन्नरच्या रस्त्याला लागले की आचके देई, जोर गमावी आणि बंद पडे. वीसएक मिनिटे उभी ठेवली की आपोआप सुरू होई. तापते म्हणून कॉईल बदलली. दम धरत नाही म्हणून पंपाची दुरुस्ती झाली. कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला. पॉइंट, कंडेन्सर, प्लग नवे आले. वडिलांना वाटे, पेट्रोल कमी पडत असेल. म्हणून दर खेपेस निघण्यापूर्वी ते टाकी काठोकाठ भरू लागले. खोड अधिकच वाढली.

वडिलांना हिशेबाची सवय होती. पेट्रोलची प्रत्येक भरती तारखेनिशी एका वहीत लिहिलेली असे. एके दिवशी गाडी गोळेगावापाशी पोहोचता पोहोचता बंद पडली. मंडळी पायी पुढे गेली आणि मी झाडाच्या सावलीत ती वही उघडून बसलो. बिघाडाच्या तारखा मला पाठ होत्या. त्या मी एकेक करून पानांवर शोधल्या, आणि दिसले ते असे : ज्या ज्या दिवशी गाडी अडली, त्या त्या दिवशी सकाळी टाकी पूर्ण भरलेली होती, ज्या दोन खेपा निर्वेध पार पडल्या, त्या दोन्ही खेपांना टाकीत निम्म्याहून कमी पेट्रोल होते. दोहोंपैकी एक खेप तर भर मे महिन्यातील होती. म्हणजे उष्णतेचा अन्वय जुळत नव्हता, आणि भरलेल्या टाकीचा अन्वय व व्यतिरेक दोन्ही जुळत होते. चार पाने मागे गेलो, तेव्हा आणखी एक नोंद सापडली : पेट्रोलपंपावर टाकीचे झाकण हरवले, बाजारातून नवे घेतले. पहिला बिघाड त्यानंतर आठ दिवसांनी.

मी उठून गाडीच्या मागे गेलो आणि ते झाकण फिरवले. आत दीर्घ श्वास घेतल्यासारखा ‘स्स्स’ असा आवाज होऊन हवा टाकीत शिरली.

टाकीतून जितके पेट्रोल जाते तितकी हवा आत आली पाहिजे. त्यासाठी आमच्या मूळ झाकणाला बारीक छिद्र होते, नव्याला नव्हते. हवा येईना, म्हणून टाकीत निर्वात वाढे आणि अखेरीस पंपाची ओढ त्याच्यापुढे हरे. टाकी काठोकाठ भरली की पेट्रोलवरची हवेची जागा अगदी थोडी उरते, त्यामुळे दोन-तीन लिटर खर्च होताच निर्वात असह्य होतो. टाकी अर्धी रिकामी असली की तोच खर्च सहज सोसतो. वीस मिनिटे थांबल्यावर गाडी चाले, कारण तेवढ्या अवधीत झाकणाच्या कडेने थोडी थोडी हवा झिरपत असे.

तरीही मी ते कारण सिद्ध झाले असे मानले नाही. त्या दिवशी झाकण किंचित सैल ठेवून घरी आलो. गाडी अडली नाही. पुढील खेपेस टाकी भरून झाकण मुद्दाम घट्ट लावले. जुन्नरच्या अलीकडे आचके सुरू झाले. झाकण सैल करताच ते थांबले. बिघाड घालवता येणे हा अर्धा पुरावा. तो हुकमी परत आणता येणे, हा पूर्ण. त्यानंतर योग्य झाकण आणून बसवले आणि ते प्रकरण दफ्तरदाखल झाले.

हाताशी असलेले पुरावे

काही परीक्षा कोणासही करता येतात. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहावा : फिकट बदामी असेल तर जळण ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, टोक पेट्रोलने ओले असेल तर त्या सिलिंडरात स्फोटच होत नाही, तेलकट असेल तर इंजिनाचे तेल वर येते, आणि पांढरेफटक असेल तर मिश्रण विरळ आहे अथवा प्लग फाजील तापतो. धुराचीही अशीच साक्ष : काळा धूर पेट्रोलचा अतिरेक सांगतो, निळसर धूर तेल जळत असल्याचे, आणि इंजिन पूर्ण तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर पाणी सिलिंडरात उतरत असल्याचे, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट गेल्याचे.

इंजिन स्लोवर असता कागदाची एक पट्टी सायलेन्सरच्या तोंडापाशी धरावी. निरोगी इंजिन तिला एकसारखी बाहेर फेकते. पट्टी ठरावीक ठेक्याने आत ओढली जात असेल, तर एखादा सिलिंडर मिस होतो आहे किंवा त्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाही. दाबाचे मोजमाप मात्र गेज लावून मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. त्यात निव्वळ आकड्याहून सिलिंडरा-सिलिंडरांतील तफावत अधिक बोलकी असते. कोणी व्हॅक्यूम गेज लावणार असेल, तर त्याला स्थळाचे भान द्यावे : पुस्तकातील आकडे समुद्रसपाटीचे असतात आणि दर हजार फुटांस पाऱ्याचा सुमारे एक इंच कमी होतो, जुन्नरचा परिसर दोन हजार फुटांच्या वर असल्याने येथे दोन इंच कमी दिसले, तर तो दोष इंजिनाचा नव्हे.

या परीक्षांत जिवाची काळजी प्रथम. फिरत्या पंख्याजवळ पदर, ओढणी, उपरणे येऊ देऊ नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. पेट्रोलच्या नळीला हात लावताना आसपास विडी-काडी असू नये. आणि नव्या गाड्यांत इंजिन चालू असता प्लगवरील जोडणी उपसून ठिणगी पाहण्याचा जुना प्रयोग कदापि करू नये, कारण त्यात शरीराला तीव्र धक्का बसतो आणि कंट्रोल युनिटही निकामी होऊ शकते.

नव्या गाडीची जबानी

इंजेक्शनच्या गाड्या आपली कैफियत स्वतःच नोंदवून ठेवतात. ती स्कॅनरने वाचता येते. पी 0301 हा संकेत पहिल्या सिलिंडरात स्फोट चुकल्याचे सांगतो, पी 0300 अनेक सिलिंडरांत. पी 0171 मिश्रण विरळ असल्याचे. पी 0335 क्रँक सेन्सरच्या मंडलातील दोष. परंतु संकेत म्हणजे फिर्याद, निकाल नव्हे. मिश्रण विरळ आहे असे यंत्राने सांगितले, तर ते फाटक्या नळीमुळे, दुबळ्या पंपामुळे की मळलेल्या एअरफ्लो सेन्सरमुळे, हे ठरवण्यास पुन्हा अन्वय-व्यतिरेकच लागतो. बॅटरीची तार काढून किंवा स्कॅनरने संकेत पुसण्यापूर्वी ते अवश्य लिहून घ्यावेत. पुसलेला संकेत म्हणजे फाडलेली जबानी. ‘चेक इंजिन’चा दिवा स्थिर पेटला, तर लवकर तपासणी करावी, तो लुकलुकू लागला, तर वेग उतरवून थांबावे, कारण न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकते.

ज्यांची गाडी सीएनजी व पेट्रोल दोहोंवर चालते, त्यांच्या हाती व्यतिरेकाचे उत्तम साधन आहे. मिस होणे केवळ पेट्रोलवर असेल, तर पेट्रोलचा पंप, फिल्टर, इंजेक्टर पाहावेत. दोहोंवर असेल, तर ठिणगी किंवा दाब. आणि केवळ सीएनजीवर असेल, तर वायूच्या साहित्याबरोबर प्लग व कॉईलही तपासावेत, कारण वायूचे मिश्रण पेटवण्यास ठिणगी अधिक सशक्त लागते आणि झिजलेले प्लग प्रथम तेथेच उघडे पडतात.

2023 पासून आपल्याकडे 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल ओलावा शोषून घेते, आणि पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. म्हणून पावसाळाभर उभी असलेली जुनी गाडी पहिल्याच फेरीत अडखळली, तर कॉईल बदलण्यापूर्वी टाकीच्या तळचे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर राहू द्यावे. दोन थर दिसले, तर तपास तेथेच संपला. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्याही अशा गाडीत एकदा पाहून घ्याव्यात.

मिस्त्रींशी बोलताना

गॅरेजात जाऊन ‘पंप बदला’ असे सांगू नये. आपली वही त्यांच्यापुढे ठेवावी. अनुभवी मिस्त्री ती वाचून जे दोन प्रश्न विचारील, ते एखाद्या नव्या सुट्या भागापेक्षा मोलाचे असतात. बिघाड ज्या स्थितीत होतो त्याच स्थितीत, भरलेल्या गाडीने, तेवढे अंतर जाऊन, त्यांना शेजारी बसवून दाखवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कोणत्या गोष्टीने सुधारली हे कायमचे अज्ञात राहते. काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा. नव्याने फरक पडला नाही, तर तो निर्दोष होता हाही एक पुरावाच आहे.

अखेरची सूचना गाडी निरोगी असणाऱ्यांसाठी. विकृती ओळखायची तर प्रकृती ठाऊक असावी लागते. पुढच्या खेपेस लेण्याद्रीला निघाल तेव्हा, काहीही बिघडलेले नसताना, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : टाकीत पेट्रोल किती होते, अवसरीच्या घाटात तापमानाचा काटा कोठे होता, कोणत्या गिअरात चढ पार झाला, पायथ्याशी थांबून पुन्हा सुरू करताना सेल्फ किती वेळ मारावा लागला, आणि स्लोवर इंजिन कसे ऐकू येत होते. आमच्या गाडीचे कारण सापडले ते वडिलांनी गाडी नीट चालत असतानाही लिहिणे सोडले नव्हते म्हणून. त्या दोन निर्वेध खेपांच्या नोंदी वहीत नसत्या, तर बिघाडाच्या साऱ्या तारखा मिळूनही मला त्या झाकणापर्यंत नेऊ शकल्या नसत्या.